उजव्या कप्प्याचा बोजा

हृदय म्हटलं की कविलोकांना प्रेम आठवतं. आपल्याला उजवा कप्पा आठवला पाहिजे. डावा कप्पा जाड भिंतीचा, सगळ्या देहाला रक्त पुरवणारा, नाव त्याचंच. उजवा पातळ भिंतीचा. अशुद्ध रक्त घ्यायचं आन् शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं. कमी दाबावर राबणारा गडी. त्याला कुणी विचारत नाय.

दोस्तहो, हृदय बदललं की पहिला मार खातो तो हाच. पेशंटचं जुनं हृदय वर्षानुवर्षं थकलेलं असतं. डावीकडं रक्त तुंबतं, मागं फुप्फुसात साचतं, तिथला दाब चढतो. जुना उजवा कप्पा त्या बोज्याला हळूहळू सरावतो. नवं हृदय मात्र परक्या छातीतनं आलेलं. मेंदूमृत्यूच्या धक्क्यानं आणि थंड पेटीतल्या प्रवासानं आधीच हबकलेलं. गोदीत पहिल्याच दिवशी कोवळ्या पोराच्या पाठीवर शंभर किलोची गोणी टाका, काय होईल? तेच होतं. कप्पा फुगतो, लटपटतो, बसतो.

फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय बदललं. केपटाऊनला बर्नार्डनं जगातलं पहिलं ऑपरेशन केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. सेनांचा पेशंट काही तासांत गेला. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला चढलेला विरोध नडला. मुंबईत यशस्वी ऑपरेशन व्हायला 2015 उजाडलं, तेही खाजगी इस्पितळात. पालिकेच्या केईएममध्ये जुलै 2024 मध्ये हृदय बदललं.

आज डॉक्टर आधीच नळी घालून हा दाब मोजतात. ऑपरेशननंतर फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करायला नायट्रिक ऑक्साईड देतात, वेळ पडली तर काही दिवस काम यंत्रावर टाकतात. कप्प्यानं तग धरला की पुढं दाब उतरतो, तो सावरतो. पण ज्याचा दाब औषधानंही हलत नाय, त्याला नुसतं हृदय बदलून भागत नाय. यादीतनं नाव बाद. डॉक्टरचं बरोबरच आहे. गुन्हा त्याच्या आधीच घडलेला असतो.

दाब चढतो उशिरानं. आणि उशीर कुणाच्या वाट्याला येतो?

शेलूबाजारजवळनं समृद्धी महामार्ग गेला. काढलेलं हृदय चारेक तासांत पोचवायला रस्ता झकास. पण तिथला शेतमजूर दम लागतो म्हणून हंगामातली मजुरी सोडत नाय. त्याच्या छातीवर इकोचं यंत्र कधी लागणार? दाटीच्या खोलीत राहणाऱ्या पोराचा घसा धरतो, त्यातनं सांध्यांचा ताप येतो, झडप आकसते. पुन्हा फुप्फुसात तोच दाब, उजव्या कप्प्यावर तोच बोजा. ते टाळणारं पेनिसिलीन स्वस्त आहे. महाग आहे ते वेळेवर मिळणं.

पेटी घेऊन धावणाऱ्या गाडीला रस्ता मोकळा करा, जरूर करा. पण तालुक्या-तालुक्याला इको द्या, पेनिसिलीन द्या, दम लागलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात तपासा. दाब चढायच्या आत माणूस दवाखान्यात पोचला पाहिजे. नंतर आभाळातनं हृदय आणलंत तरी ते उजवीकडनंच बसणार!