‘पाहिलास का?’

सोमवारीं सकाळीं शाळेच्या फाटकांतून आंत पाऊल टाकावें तों जो पहिला प्रश्न कानीं पडतो, तो ‘गृहपाठ केलास का?’ हा नव्हे, तर ‘पाहिलास का?’ हा होय. काय पाहिलें हें सांगण्याची जरुरी नसते. शनिवारीं-रविवारीं शहरांत जो नवा चित्रपट लागला असेल तो, किंवा ज्या मालिकेचे नवे भाग मोबाईलवर आले असतील ती, एवढें सर्वांसच ठाऊक असतें. प्रार्थनेची घंटा होईपर्यंत सुनावणी चालते आणि मधल्या सुटींत चिंचेखालीं निकाल लागतो. निकाल बहुधा एकाच शब्दाचा: ‘भारी’ किंवा ‘बोअर’. शेंकडों माणसांनीं वर्ष-दोन वर्षें खपून केलेली कृति आमच्या न्यायासनापुढें अर्ध्या मिनिटांत निर्दोष सुटते किंवा फांसावर जाते, आणि मग डबे उघडले जातात.

या न्यायदानांत आम्हीही आजवर मोठ्या हौसेनें भाग घेत आलों आहों. तेव्हां पुढें जे दोष दाखवीत आहों त्यांतील बराचसा वांटा आमच्याच पदरीं पडतो, हें आधींच कबूल केलेलें बरें. चित्रपटांनीं मुलें बिघडतात कीं सुधारतात, हा वाद मात्र येथें उकरून काढण्याचा आमचा विचार नाहीं. वादविवाद मंडळांत तो दरवर्षीं होतो आणि दरवर्षीं अनिर्णीत राहतो.

पाहिलेली गोष्ट दुसऱ्यास सांगितल्यावांचून माणसास चैन पडत नाहीं, ही रीत कांहीं मोबाईलनें आणलेली नव्हे. दादासाहेब फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील एक परदेशी मूकपट पाहिला, त्यानें ते झपाटून गेले, आणि तो त्यांनीं पत्नी सरस्वतीबाई यांसही दाखविला. पुढें चित्रपट काढावयाचा तर पैसा हवा. तेव्हां कुंडींतील वाटाण्याचें रोप कसें वाढतें याचा एक छोटासा पट त्यांनीं स्वतः टिपला आणि तो कांहीं निवडक मंडळींस दाखवून भांडवल उभें केलें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो त्यानंतर. म्हणजे आपल्याकडील चित्रपटाचा उगमच मुळीं ‘चल, तूंही पाहा’ या दोन शब्दांत आहे, असें म्हटलें तर ती फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आमच्या वडिलांच्या पिढीस या बाबतींत एक सुख होतें. १९८७-८८ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागे. ज्याच्या घरीं संच असे त्याच्या ओसरीपर्यंत शेजारीपाजारी दाटीवाटीनें बसत. आमची आजी सांगते कीं, त्या वेळीं आमटी फोडणीस टाकावयाची ती मालिका संपल्यावरच. सोमवारीं त्यावर बोलणें निघालें तर सर्वांनींच तोच भाग, त्याच वेळीं, बहुधा त्याच संचावर पाहिलेला असे. आज आमच्या वर्गांत पन्नास मुलें असतील तर पन्नासांनीं पन्नास वेगळ्या गोष्टी, वेगळ्या वेळीं, पांघरुणांत शिरून पाहिलेल्या असतात. ‘पाहिलास का?’ या प्रश्नाचें खरें उत्तर बहुतेक वेळां ‘नाहीं’ असेंच असावयास हवें. परंतु ‘नाहीं’ म्हणणारा त्या मंडळांतून बाहेर पडतो. म्हणून पुष्कळ जण ‘हो’ म्हणतात, आणि मत मात्र दुसऱ्याचें उसनें घेतात. कोठें किती तारे मिळाले, किती कोटींची कमाई झाली, हें कळलें कीं न पाहतांही बोलतां येतें. कोटींचा आंकडा हा चित्रपटगृहाच्या मालकास उपयोगी आहे. तो आमच्या तोंडीं कशासाठीं असतो, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

आमचा एक मित्र वसतिगृहांत राहतो. तेथें मोबाईल बाळगण्यास मनाई आहे आणि रविवारीं चित्रपटास जावयाचें म्हटलें तर तितके पैसेही त्याच्यापाशीं नसतात. तथापि गतवर्षीं कोणताही चित्रपट निघो, ‘पाहिलास का?’ असें विचारतांच तो ‘हो, पाहिला’ असेंच म्हणे. एके दिवशीं कोणाच्या तरी मनांत शंका आली. त्या वेळीं गाजत असलेल्या एका चित्रपटाचें नांव घेऊन त्यानें विचारलें, ‘त्यांतली आगगाडीच्या टपावरची मारामारी कशी वाटली रे?’ मित्र म्हणाला, ‘भारीच होती!’ त्या चित्रपटांत आगगाडीच नव्हती. चिंचेखालीं जो हंशा पिकला तो शिक्षकांच्या खोलीपर्यंत ऐकूं गेला असावा. आम्हीही हंसलों. तो डबा तसाच मिटवून पाण्याच्या नळाकडे गेला आणि त्यानंतर कित्येक दिवस मधल्या सुटींत चिंचेखालीं फिरकला नाहीं.

पुढें जुलैंत, एका शनिवारीं, मैदानांत घोट्याइतकें पाणी सांचल्यामुळें खेळाचा तास बंद राहिला आणि आमच्या मराठीच्या सरांनीं सभागृहांत पडदा लावून ‘किल्ला’ हा चित्रपट दाखविला. अविनाश अरुण यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१५ सालीं चित्रगृहांत आला. वडील वारलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळें पुणें सोडून कोंकणांत येतो, नव्या शाळेंत त्यास नवे सोबती मिळतात, आणि एकदां सायकली दामटीत सगळे समुद्राकाठच्या किल्ल्यावर जातात. तेथें पावसानें गांठल्यावर सोबती त्यास तसाच मागें टाकून निघून जातात. सांगण्यासारखें कथानक एवढेंच. खलपुरुष नाहीं, मारामारी नाहीं, गाण्यावर नाचणारा जमाव नाहीं. दिवे लागल्यावर सरांनीं विचारलें, ‘कसा वाटला?’ आणि मागच्या बाकांवरून नेहमींचा निकाल आला: ‘सर, संथ आहे. कांहीं घडतच नाहीं.’ खरें सांगावयाचें तर आम्हीही मान डोलाविली होती.

तेव्हां तो वसतिगृहांतील मित्र उठून उभा राहिला. तो म्हणाला, ‘मला संथ नाहीं वाटला, सर. सोबती निघून गेल्यावर वेळ असाच जातो.’

एवढें बोलून तो खालीं बसला. सभागृहांत कोणी बोललें नाहीं. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकूं येत होता. सरांनींही त्यावर कांहीं भाष्य केलें नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. त्या दिवशींच आम्हीं त्याची क्षमा मागावयास हवी होती. ती मागावयास आम्हांस दिवाळी उजाडली. परंतु त्याच्या त्या दोन वाक्यांनीं आम्हीं पाहिलेला चित्रपट आमच्या डोळ्यांदेखत बदलला. ओल्या किल्ल्यावर एकटा उभा असलेला तो मुलगा, त्याची हांक, तिला न आलेलें उत्तर, हें सर्व आम्हींही पाहिलेंच होतें. पण तें घडणें आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. वर्षभर चिंचेखालीं झालेल्या शेंकडों निकालांनीं जें आम्हांस दाखविलें नाहीं, तें ज्याला आम्हीं ‘न पाहतां बोलणारा’ म्हणून हिणविलें त्यानें दाखविलें. आणि तेंही केव्हां, तर एकदांचें खरोखर पाहावयास मिळालें तेव्हां.

याच चित्रपटास २०१४ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत स्फटिकाचें अस्वल हें पारितोषिक मिळालें, आणि तें देणारें पंचमंडळ मोठ्या माणसांचें नव्हतें, मुलांचें होतें. त्या मुलांनीं कोंकणचा पाऊस कोठला पाहिला असणार! पडद्याखालील भाषांतर वाचीत त्यांनीं तो चित्रपट पाहिला असेल, आपसांत बसून त्यावर बोललीं असतील, कदाचित् भांडलींही असतील, आणि मग निर्णय दिला असेल. आमच्याच वयाच्या मुलांस हें साधतें, हें वाचून आम्हांस अभिमान वाटला, आणि थोडी लाजही वाटली.

भांडणावरून आठवलें. मित्रांमित्रांत चित्रपटावरून मतभेद व्हावा, यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. ‘कोटा फॅक्टरी’ ही २०१९ सालीं निघालेली मालिका आमच्या वर्गांत अजून पाहिली जाते. इटारसीहून कोट्यास शिकवणीसाठीं गेलेल्या वैभवची ती कथा, आणि ती जवळजवळ सगळी कृष्णधवल. त्यांतील जीतूभैयाचीं वाक्यें आमचीं कांहीं मुलें सुभाषितांसारखीं पाठ म्हणतात. एक दिवस एका मित्रानें असें काढलें कीं, ही मालिका शिकवणीच्या कारखान्यावर टीका करते असें म्हणतात खरें. पण पहिल्या पर्वास शिकवणी विकणाऱ्याच एका कंपनीचा आश्रय होता, तेव्हां ही टीका कीं जाहिरात? दुसरा एक जण त्यावर खवळला. त्याचा वडील भाऊ लातुरास शिकवणीसाठीं खोली घेऊन राहत होता. भावानें ती मालिका तीनदां पाहिली आणि तिसऱ्या वेळीं घरीं दूरध्वनि करून आईशीं अर्धा तास बोलला. ‘तुला जाहिरात दिसली, माझ्या भावाला घर दिसलें,’ असें तो म्हणाला. दोघेही आठ दिवस एकमेकांशीं बोलत नव्हते. आमच्या मतें दोघांचेंही खरें होतें, आणि असें भांडण दहा वेळां ‘भारी’ म्हणण्याहून मोलाचें होतें. कारण त्या दोघांनींही मालिका खरोखर पाहिली होती व तींत आपापलें कांहीं तरी पणास लावलें होतें.

जेथें मत देण्याचीच मुभा उरत नाहीं, तेथें मात्र आमचें मन खट्टू होतें. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं ‘छावा’ प्रदर्शित झाला. छत्रपति संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्याच्या प्रसंगावरून त्याबद्दलचा वाद जानेवारींतच, म्हणजे कोणींही चित्रपट पाहण्यापूर्वीं, पेटला होता आणि दिग्दर्शकांनीं तो प्रसंग काढून टाकला. आमच्यांतील बहुतेकांस चित्रपट आवडला. शेवटीं आमचेही डोळे कोरडे राहिले नाहींत. एका मित्रानें इतकेंच म्हटलें कीं, ‘संगीत कांहीं जागीं मला त्या काळाचें वाटलें नाहीं.’ झालें! त्यास महाराजांचा अवमान करणारा ठरविण्यांत आलें. अहो, संगीत महाराजांनीं दिलेलें नव्हतें! महाराजांविषयीं भक्ति असणें ही एक गोष्ट आणि त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटांत ढोल किती मोठा वाजला हें सांगणें ही दुसरी. चित्रपट हा शेवटीं माणसांनीं घडविलेला असतो. तो आवडला नाहीं असें मित्रास सांगतां येऊं नये, तर मग मैत्री ती कसली? तो मित्र आतां कोणत्याही चित्रपटाविषयीं विचारलें कीं ‘भारी’ म्हणतो. त्याच्यापुरता प्रश्न सुटला, आमचा नाहीं.

जातां जातां एका उपद्रवाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. चित्रपटाचा शेवट आधींच सांगून टाकणारे कांहीं महाभाग प्रत्येक वर्गांत असतात. लंडन येथें ‘माऊसट्रॅप’ हें रहस्यनाटक १९५२ सालीं सुरू झालें. तेथें प्रयोगाच्या शेवटीं प्रेक्षकांस विनंति करतात कीं, रहस्य बाहेर फोडूं नये. आमच्या एका महाभागानें ‘दृश्यम’चा शेवट आम्हांस आगाऊ सांगितला तो शाळेच्या बसमध्यें, आमच्या हातीं तिकिटें असतांना. तो शेवट आम्ही येथें लिहीत नाहीं, यावरून आमच्या सज्जनपणाची कल्पना वाचकांनीं करावी.

वसतिगृहांतील तो मित्र दिवाळीनंतर पुन्हां चिंचेखालीं येऊं लागला आहे. आतां कोणी ‘पाहिलास का?’ म्हटलें तर तो सरळ सांगतो, ‘नाहीं पाहिला. सांग.’ या दोन शब्दांनीं आमची फार पंचाईत केली आहे. ‘भारी’ म्हणून भागत नाहीं. प्रथमपासून सांगावें लागतें, आणि तो मधून मधून प्रश्न विचारतो. गेल्या सोमवारीं आम्ही तिघे मिळून त्यास एक नवा चित्रपट सांगत होतों. नायक घर सोडून जातो येथपर्यंत आलों, तोंच त्यानें विचारलें, ‘मग त्याच्या आईनें काय केलें?’ आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. आई चित्रपटांत होती, हें तिघांसही नक्की आठवत होतें. तिनें काय केलें, हें मात्र एकासही सांगतां येईना. ‘रविवारीं पुन्हां पाहून सांगतों,’ असें म्हणालों, तों घंटा झाली.