विकत घेतलेला खेळ अडतो, चोरलेला चालतो!

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ, मायक्रोसॉफ्ट



‘फ्लाइट सिम्युलेटर 2004’ हा खेळ आपणच 2003 साली बाजारात आणला. ज्यांनी तो पैसे मोजून घेतला, त्यांतल्या अनेकांनी त्याच्या सीडी आजही जपून ठेवल्या आहेत. पण विंडोज 10 किंवा 11 वर त्या सीडींवरून हा खेळ सुरूच होत नाही. का होत नाही, हे आपण जाणता.

सीडी अस्सल आहे की नकली, हे तपासायला या खेळासह त्या काळच्या शेकडो खेळांत ‘सेफडिस्क’ ही यंत्रणा असे. 2015 साली विंडोज 10 आणताना आपण तिच्या ड्रायव्हरला थारा दिला नाही. त्याच सप्टेंबरात एका सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजमध्येही तो बंद केला. त्यात धोका होता, तो दूर करणे योग्यच होते. पण खेळ ज्याच्यावर अवलंबून होते तेच काढून घेतल्यावर ग्राहकांची सोय कोणी करायची होती?

आपण जुने प्रोग्राम चालवण्यासाठीच्या ‘कम्पॅटिबिलिटी मोड’कडे बोट दाखवता. ग्राहक तिथे विंडोज एक्सपी निवडतो, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून पाहतो आणि दोष आपलाच समजून गप्प बसतो. जिथे ड्रायव्हरच नाही, तिथे हे पर्याय काय करणार? मग तसे स्क्रीनवर स्पष्ट का लिहीत नाही?

ज्याने सीडीची तपासणी काढून टाकलेली चोरटी प्रत वापरली, त्याला यातली कोणतीच अडचण येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. शेवटी प्रामाणिक ग्राहकही अनोळखी साइटवरून ‘क्रॅक’ उतरवतो आणि त्यासोबत व्हायरसचा धोका पत्करतो. सुरक्षेच्या नावाने घेतलेल्या निर्णयाचा हा शेवट आपल्याला मान्य आहे का?

‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’चेही तेच. 2007 मध्ये पीसीवर ऑनलाइन खेळण्यासाठीची ती सेवा आपण गाजावाजा करून आणली आणि 2013 मध्ये तिचे दुकान बंद केले. पुढे या सेवेच्या नव्या कीज मिळेनात म्हणून जानेवारी 2020 मध्ये तिच्यावर अवलंबून असलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’ची स्टीम या ऑनलाइन दुकानातली विक्री थांबवावी लागली. मग आपल्या भरवशावर खेळ घ्यायचा तरी कसा?

आमच्या मागण्या दोनच आहेत. आपण स्वतः प्रकाशित केलेल्या सेफडिस्कच्या खेळांसाठी सीडीची तपासणी वगळणारे अधिकृत पॅच मोफत द्या. आणि यापुढे अशी एखादी सोय काढण्याआधी, ती गेल्याने बंद पडणाऱ्या खेळांची यादी व त्यांवरचा उपाय जाहीर करा. पैसे आपण घेतले आहेत; उत्तर देण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

आपला,
एक ग्राहक