नोट आपली, पण ताबा कुणाचा?

बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचं नाव आपण अभिमानाने घेतो. रिझर्व्ह बँकेचा विषय निघाला की हमखास घेतो. पण १९२३ च्या त्या ग्रंथातला मूळ प्रश्न आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? प्रश्न साधा आहे : चलन किती काढायचं हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हाती आणि त्या हाताला लगाम कुणाचा? हा प्रश्न वाऱ्यावर सोडला की काय होतं, हे पाहायचं असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या चलनाचा इतिहास वाचावा.

गिनी ही फ्रान्सची वसाहत. १९४५ साली फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी सीएफए फ्रँक हे चलन सुरू केलं. त्याची किंमत फ्रेंच फ्रँकला बांधलेली, परकीय चलनाचा साठा फ्रान्सच्या तिजोरीत आणि निर्णय पॅरिसमध्ये. १९५८ साली द गॉल यांनी वसाहतींपुढे सार्वमत ठेवलं : आमच्या फ्रेंच समुदायात राहणार का? फ्रान्सच्या पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींपैकी एकट्या गिनीने 'नाही' म्हटलं, तेही ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी. कामगार चळवळीतून आलेले सेकू तूरे त्यांचे नेते. गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातली गरिबी पत्करू, असं त्यांनी द गॉल यांना कोनाक्रीत तोंडावर सुनावलं होतं. स्वाभिमान म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मालकाला 'नाही' ऐकायची सवय नसते. फ्रान्सने मदत थांबवली, अधिकारी आणि तंत्रज्ञ माघारी बोलावले. गिनीने १ मार्च १९६० रोजी स्वतःची मध्यवर्ती बँक आणि स्वतःचा फ्रँक सुरू केला, तेव्हा फ्रेंच गुप्तहेर खात्याने बनावट नोटा छापून देशात घुसवल्या. या कारवाईचं नाव होतं 'पर्सिल'. हे कपडे धुण्याच्या पावडरीचं नाव! राजकीय स्वातंत्र्य एकवेळ देऊ, पण पैशावरचा ताबा सोडणार नाही, हा त्यामागचा हिशोब होता.

इथपर्यंतची कथा आपल्या रक्ताला उकळी आणणारी आहे. पण ती इथेच थांबवून टाळ्या वाजवणं ही बेइमानी ठरेल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तूरे यांनी फ्रँक हे नावच काढून टाकलं. नवं चलन आलं 'सिली'. जुन्या १० फ्रँकचा एक सिली आणि एका सिलीचे १०० 'कोरी'. कोरी म्हणजे आपली कवडीच. हिंदी महासागरातून गेलेली कवडी आफ्रिकेत शतकानुशतके पैसा म्हणून चालली होती. आणि सिली म्हणजे सुसू भाषेत हत्ती. हत्ती हे तूरे यांच्या पक्षाचं चिन्ह. देशात पक्ष एकच, पक्षात नेता एकच आणि आता नोटेलाही त्याच पक्षाच्या चिन्हाचं नाव!

अशा देशात मध्यवर्ती बँक सरकारला 'आता नोटा पुरे' असं कशी म्हणणार? सरकारची तूट नोटा छापून भरली जाऊ लागली. देशाबाहेर सिलीला कुणी विचारेना. अधिकृत दर एक, काळ्या बाजाराचा दर भलताच. जगातल्या सर्वांत मोठ्या बॉक्साइट साठ्यांपैकी एक असलेल्या देशात माणसं तांदळासाठी रांगेत उभी होती, शेतमाल चोरट्या मार्गाने सीमेपलीकडे जात होता. उपाय म्हणून खासगी व्यापारावर बंदी आली आणि 'आर्थिक पोलीस' बाजारात बसणाऱ्या बायकांच्या मागे लागले.

२७ ऑगस्ट १९७७ ला कोनाक्रीच्या मदिना बाजारातल्या बायका उठल्या आणि थेट राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर गेल्या. आंदोलन इतर शहरांत पसरलं. शेवटी तूरे यांना आर्थिक पोलीस बरखास्त करावे लागले. त्याच वर्षी आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली हे गिनीचेच सुपुत्र तूरे यांच्या बोईरो छावणीत कैदेत मेले. १९८४ मध्ये तूरे वारले, लष्कराने सत्ता घेतली आणि दोन वर्षांच्या आत सिली इतिहासजमा झाला. पुन्हा गिनी फ्रँक आला.

काही जण म्हणतील, हे सगळं फ्रान्सने केलं. फ्रान्सचा गुन्हा मोठाच आहे, पण बाजारातल्या बाईची टोपली फ्रान्सने उधळली नव्हती. दुसरे म्हणतील, मग 'नाही' म्हणणंच चुकलं. तेही खोटं. शेजारचा माली १९६२ मध्ये सीएफएमधून बाहेर पडला आणि १९८४ मध्ये परत गेला. गिनी आजवर परत गेलेला नाही. चूक 'नाही' म्हणण्यात नव्हती. परक्या मालकाकडून काढून घेतलेली किल्ली एका माणसाच्या खिशात टाकली, चूक तिथे झाली.

बाबासाहेबांचा आक्षेप नेमका यावरच होता. चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, त्याला कायद्याची पक्की मर्यादा हवी, असं त्यांनी मांडलं. कारण नोटेची किंमत घसरते तेव्हा भाव आधी चढतात, मजुरी मागून येते, आणि मधल्या खड्ड्यात कष्टकरी पडतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशाराही हाच आहे : ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

म्हणून तरुण मित्रांनो, चिन्ह आपलं आहे, नेता आपला आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. देशाची तिजोरी असो की आपल्या संघटनेची, हिशोब मागणारा माणूस गद्दार नसतो. तोच चळवळीचा राखणदार असतो.

जय भीम!