नाव न सांगणारा पाहुणा

अकोल्याच्या जठारपेठेतून एका भगिनीने लिहिले आहे. घरच्या जुन्या संगणकात त्यांच्या साडीविक्रीचा चार वर्षांचा हिशेब आणि नणंदेच्या लग्नाचे फोटो आहेत. ते फोल्डर वायफायवरून घरात कुणालाही उघडता येई. दिवाळीत विंडोज ११ प्रोचा नवा लॅपटॉप आणला आणि फोल्डर उघडेना. 'तुमच्या संस्थेच्या सुरक्षा-धोरणामुळे अनोळखी पाहुण्यास मज्जाव', अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. "हे म्हणतात, तूच काहीतरी दाबलं असशील. सारं गेलं का हो ताई?"

नाही बाई, काही गेलेले नाही आणि तुम्ही काही दाबलेलेही नाही. जुन्या संगणकावर जाऊन फोल्डर उघडून पाहा, म्हणजे जीव भांड्यात पडेल. यजमानांनाही दाखवा! घरात कसली आली 'संस्था'? पण कंपनीने साऱ्यांसाठी पाटी एकच केली आहे.

पूर्वी नाव-पासवर्ड न विचारता 'गेस्ट' म्हणून आत शिरता येई. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने फायली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतली फट शोधून जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्यानंतर ही दारे एकेक आवळत गेली, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही गेस्ट बंद झाला. वऱ्हाडात पाहुण्याला दारातून परत लावत नाहीत हे खरे, पण नावगाव न सांगणाऱ्याला आपण तरी कुठे माजघरात घेतो?

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, "आई, गेस्टची बंदीच उठवून टाक." तसे करता येते, पण करू नका. मग समोरचा संगणक आपलाच की भलत्याचा, हे लॅपटॉप तपासणारच नाही.

त्यापेक्षा जुन्या संगणकावर सेटिंग्जच्या 'अकाउंट्स'मध्ये एक नवा यूजर करा आणि त्याला पासवर्ड द्या. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग', मग 'शेअर' असे जा आणि ते नाव जोडा. नुसते पाहायचे तर 'रीड', हिशेब लिहायचाही असेल तर 'रीड/राइट'. यादीत 'एव्हरीवन' असेल तर काढा. आता लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन जुन्या संगणकाचे नाव टाका. नाव-पासवर्ड विचारला की हाच द्या आणि लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण करा.

बहुतेकींचे अडते ते इथेच: रोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही. पासवर्ड कोरा ठेवला तरी चालत नाही.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एकीने राउटरला डिस्क जोडली आहे. त्यांनी नाव-पासवर्ड राउटरच्या सेटिंगमध्ये करावा, बाकी सारे असेच.

आणि जुना संगणक विंडोज १० चा असेल तर त्याची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबली आहे. हिशेबाची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर घ्या. फोटोंचीही.