प्रोजेक्ट संपतो, वस्ती तिथंच राहते

कॉलेजात शिकणारी ओळखीची मुलंमुली दरवर्षी विचारतात, ‘भाई, सामाजिक प्रोजेक्ट करायचाय, एखादी आयडिया द्या ना.’ मी उलट विचारतो, ‘कोणासाठी करताय? त्यांना विचारलंय का?’ बहुतेकदा उत्तर येतं, ‘पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.’

माझं म्हणणं साधं आहे. प्रोजेक्टची सुरुवात लोकांना विचारण्यापासून व्हावी आणि आपण गेल्यावर ते काम कोण सांभाळणार, हे पहिल्याच दिवशी ठरावं. झाडू, बॅनर आणि फोटो यांचा नंबर त्यानंतर लागतो.

आयबी शाळांमध्ये याला ‘कॅस’ म्हणतात. त्यात सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा या तीन गोष्टी येतात. विद्यार्थ्यांनी गटानं किमान एक महिन्याचा प्रकल्प करायचा असतो. शोध, तयारी, कृती, चिंतन आणि मांडणी असे त्याचे टप्पे असतात. मुंबईच्या उपनगरांतही अशा शाळा आहेत, पण त्यांची लाखांतली फी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांना परवडत नाही. पद्धत मात्र कुणाच्या मालकीची नाही. आपल्याकडे 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. एनएसएसच्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर करायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात तर सामुदायिक कामाला क्रेडिटही आहे. म्हणजे तास आहेत, गुण आहेत. कमी पडतं ते नियोजन.

आपल्याच अंधेरीतलं उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2015 मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे 84 वर्षांचे शेजारी हरबंश माथूर यांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. दोघांचं काम दर आठवड्याला चालू राहिलं आणि माणसं जोडली गेली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार दिला. मार्च 2018 मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. हे आपण अभिमानानं सांगतो. पण मधली एक गोष्ट सांगायची राहते. नोव्हेंबर 2017 मध्ये शाह यांनी मोहीम थांबवली होती. स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. प्रशासनानं लक्ष घातल्यावर काम पुन्हा सुरू झालं. दोन वर्षं टिकलेली मोहीमसुद्धा ‘पुढचं कोण करणार?’ या प्रश्नापाशी अडली. मग आपल्या एका दिवसाच्या सफाईचं काय होत असेल?

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे कोड लिहिण्याआधी वापरणाऱ्याला विचारतात आणि काम संपलं की ते रीतसर कुणाच्या तरी ताब्यात देतात. हेच वस्तीत करून बघू.

12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या टेकडीवर दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली. टेकड्यांवरच्या वस्त्या आजही पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहतात. अशा वस्तीसाठी जानेवारीत प्रोजेक्ट सुरू करा. पहिले दोन आठवडे फक्त गल्ल्या चढायच्या आणि ऐकायचं. पाणी कुठून उतरतं? मागच्या पावसात रात्री कुठं आसरा घेतलात? कोणत्या घरात चालू न शकणारं माणूस आहे? मग रहिवाशांसोबत बसून गल्ल्यांचा नकाशा काढायचा. बाहेर पडायची वाट आणि पालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916 मराठी, हिंदी आणि उर्दूत भिंतीवर रंगवायचा. आजारी माणसांची यादी भिंतीवर नको, ती बचत गटातल्या बायकांकडे राहू दे. कुठली भिंत धोक्याची, हा निकाल आपण द्यायचा नाही, ते इंजिनीअरचं काम. आपण तक्रारी एकत्र करून एन विभाग कार्यालयात लेखी द्यायच्या आणि पोच घ्यायची. मेअखेर सगळं तयार हवं. पुढच्या वर्षी नकाशा कुठली बॅच तपासणार, हेही लिहून ठेवायचं.

यात चित्रकला आहे, चढ-उतार आहे, सेवा आहे. खर्च रंगाच्या काही डब्यांचा.

आता थोडं आपल्याबद्दल. रमजानमध्ये रेशन किट वाटणं, पुरात खिचडी पोचवणं यात आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत. ही मोठीच ताकद आहे. पण वाटणारा आणि घेणारा, अशा दोन बाजू त्यात कायम राहतात. सोबत मिळून काम करताना घेणाराही ठरवणारा होतो. तसंच, गट बनवताना फक्त आपल्या गल्लीतले दोस्त घेऊ नका. बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती वर्गमित्रांना घ्या. दरड कोसळते तेव्हा कुणाचं आडनाव विचारत नाही. आणि मुलींना रांगोळी, पोस्टर आणि चहापुरतं ठेवू नका. गल्लीतल्या बायका मनातलं त्यांच्यापाशीच बोलतील, म्हणून नियोजनाची वही त्यांच्याच हातात द्या.

‘कॉलेज एवढा वेळ देत नाही,’ असं कुणी म्हणेल. पण 120 तासांतून दर आठवड्याला तीन तास काढले तर चाळीस आठवडे मिळतात. तेवढ्यात एक वस्ती नीट ओळखीची होते. या सत्रात दहा ठिकाणी फोटो काढण्यापेक्षा एकच गल्ली निवडा आणि पुढच्या वर्षी तिथं परत जा. तुमचं प्रमाणपत्र तोवर फाइलमध्ये गेलेलं असेल. भिंतीवरचा नकाशा पावसाआधी पुन्हा रंगवलेला दिसला, तर प्रोजेक्ट पास झाला समजा.