परभूमीवरील उमेदवारी

२०११ साली अमेरिकेतील शल्यशिक्षणाच्या नियमांत एक लहानसा फेरफार झाला. पाच वर्षांची उमेदवारी करून सर्जन होऊ पाहणाऱ्या तेथील निवासी डॉक्टराने पूर्वमंजुरी घेऊन त्या मुदतीतील काही आठवडे परदेशातील, म्हणजे व्यवहारतः बहुधा एखाद्या गरीब देशातील, रुग्णालयात घालविले, तर तो काळ आणि तेथे केलेल्या शस्त्रक्रिया त्याच्या प्रशिक्षणात जमा धरण्यास परीक्षामंडळाने व नियामक संस्थेने मान्यता दिली. त्यापूर्वीही तरुण सर्जन मलावी, केनिया, युगांडा येथे जात असतच. परंतु ते जाणे मिशनच्या सेवाधर्माचे किंवा वैयक्तिक औदार्याचे होते, आणि औदार्याचा हिशेब मागणे कोणत्याही सुसंस्कृत समाजात अशिष्टच समजले जाते. जी गोष्ट अभ्यासक्रमात शिरली आणि जिच्यामुळे पदवीची वाट सुकर होऊ लागली, ती मात्र दान राहिली नाही. ती देवघेव झाली, आणि देवघेवीचे दप्तर तपासण्याचा अधिकार उभय पक्षांना असतो.

या प्रवासामागील गरज खोटी नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली जागतिक शल्यसेवेचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल वेळेवर मिळू न शकणाऱ्यांची संख्या ५०० कोटी दिली आहे. जगात वर्षाला होणाऱ्या सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रियांपैकी, जेथे एकतृतीयांशाहून अधिक मानवजात राहते त्या अतिगरीब देशांच्या वाट्याला शेकडा ६ च येतात, आणि ही तूट भरून काढावयाची तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरसाल आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हावयास हव्यात. अडलेली बाळंतीण, तातडीने उघडावे लागणारे पोट आणि हाड उघडे पडलेला अस्थिभंग, या तीन प्रसंगी जे रुग्णालय कामी येते त्यालाच आयोगाने कसोटीस उतरलेले मानले; असे रुग्णालय गाठण्यापूर्वीच ज्यांना मरण गाठते, अशा खेडुतांची गणती कोणत्याही दप्तरात होत नाही.

परंतु गरज एकाच बाजूची नाही. श्रीमंत देशांत पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया यांची नित्याची ऑपरेशने आता दुर्बिणीतून होतात. रोगाचे निदान तो विकोपास जाण्यापूर्वी होते. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला सरासरी ८० तासांवर मर्यादित झाले आहे. आणि इतके असूनही उमेदवारीच्या अखेरीस निदान ८५० मोठ्या शस्त्रक्रिया लॉगबुकात नोंदलेल्या असाव्या लागतात. विषमज्वराने आतड्याला पडलेले छिद्र शिवणे, पीळ पडून काळवंडलेले मोठे आतडे काढणे, अनेक वर्षे अंगावर काढलेली गाठ सोडविणे, ही पोट उघडून करावयाची जुन्या वळणाची कामे त्याला आपल्या घरी क्वचित आणि लिलाँग्वे वा कंपाला येथील सरकारी वॉर्डात वारंवार भेटतात. म्हणजे तो देण्यासाठी जितका जातो, तितकाच, किंबहुना अधिक, घेण्यासाठी जातो. शिकावयास जाण्यात लाजिरवाणे काहीच नाही. शिकण्याला सेवेचे नाव देऊन वर कृतज्ञतेची अपेक्षा बाळगण्यात मात्र आहे.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे, की जेथे सर्जनांचाच दुष्काळ आहे तेथे कोणाचाही हात उपकारकच. हे उत्तर ऐकणाऱ्याला निरुत्तर करते खरे. परंतु त्या टेबलापाशी दुसरे कोणी उभेच नव्हते, असे एक गृहीत त्यात दडलेले आहे, आणि ते वस्तुस्थितीला सोडून आहे. पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील देशांनी १९९९ साली स्थापन केलेले, टांझानियातील अरुशा येथे कचेरी असलेले शल्यविशारदांचे महाविद्यालय स्वतःच्या इमारतीवाचून सभासद देशांच्या रुग्णालयांतच उमेदवार घडविते, आणि त्यातून उत्तीर्ण झालेले बहुसंख्य सर्जन आपापल्या देशातच टिकून राहिले आहेत. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांतील सिझेरियनांचा मोठा भार वैद्यकीय पदवी नसलेले, परंतु त्याच कामात मुरलेले ‘क्लिनिकल ऑफिसर’ वाहतात. सर्जनाचा हात व्याख्यानांनी बसत नाही, केस मिळाल्याने बसतो, हे मुंबईतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाचा रजिस्ट्रार सांगेल, आणि यादीवरची चांगली केस कोणाला द्यावयाची यावरून होणारी धुसफूसही त्याला ठाऊक असेल. यादीवरील हर्निया पाहुण्याने केला, तर त्या दिवशी तो स्थानिक उमेदवाराने केला नाही, हे साधे अंकगणित आहे. पाहुणा महिन्याने परत जाणार. ज्याचा हात बसावयाचा राहिला, तो मात्र पुढील तीस वर्षे त्याच जिल्ह्यात ऑपरेशने करणार.

त्यातच दुसरी बाब देखरेखीची. शिकाऊ सर्जन म्हणजे अर्धा सर्जन. त्याच्या डोक्यावर वरिष्ठाची नजर असावी लागते, आणि यजमान रुग्णालयात जर कशाची सर्वांत अधिक टंचाई असेल तर ती वरिष्ठाच्या वेळेचीच. ही नजर पाहुण्याकडे वळली तर ती स्थानिक विद्यार्थ्यावरून उठते; कोठेच वळली नाही, तर ज्या ऑपरेशनास स्वदेशात एकट्याने हात लावण्याची त्याची छाती झाली नसती, ते तो परभूमीत निःशंकपणे करून मोकळा होतो. आतड्याचा जोड सुटला तर तो बहुधा पाचव्या-सातव्या दिवशी सुटतो. मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशन करणाऱ्याच्या लॉगबुकात त्या जोडाचा उल्लेख यश म्हणून झालेला असतो, आणि ताप चढलेला रोगी पुन्हा टेबलावर घेण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांवर येते. ज्याने संमतिपत्रावर अंगठा उठविला, त्याला आपल्यावर सुरी चालविणारा अद्याप शिकत आहे हे त्याच्या भाषेत कोणी सांगितले होते काय, हा प्रश्नही याच नोंदीखाली येतो.

या व्यवहारातील विषमता उघडी पडते ती उलट दिशेचा प्रवास पाहिला म्हणजे. अमेरिकेचा उमेदवार युगांडात गेला, तर तात्पुरत्या नोंदणीचा सोपस्कार उरकून त्याच्या हाती सुरी येऊ शकते. युगांडाचा उमेदवार त्याच काळासाठी बोस्टनला गेला, तर व्हिसाच्या कचेरीतून सुटल्यावरही परवान्याअभावी त्याला भिंतीशी उभे राहून केवळ पाहण्याची मुभा असते. आपल्या रुग्णांच्या रक्षणार्थ केलेला हा कायदा रास्तच आहे. प्रश्न इतकाच, की जे रक्षण बोस्टनच्या रोग्याला हक्काने मिळते, ते कंपालाच्या रोग्याच्या बाबतीत सौजन्याचा विषय का व्हावा?

ज्ञान मात्र नेहमीच वरून खाली वाहते असे नाही, आणि याला महाराष्ट्रातीलच दाखला आहे. टिपूच्या कैदेत ज्याचे नाक कापले गेले, त्या इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याला पुण्याजवळच्या वीटकरी जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले, हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात छापला, तो वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली व दोन वर्षांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्या वृत्तान्तात रोग्याचे नाव आहे, ही क्रिया डोळ्यांनी पाहणाऱ्या मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक घडविले, त्याचे मात्र नाही. आज इतके विस्मरण संभवत नाही, हे खरे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. टोणगावकरांनी हर्नियासाठी महागड्या आयात जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरून २००३ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याच तत्त्वाची युगांडात ३०२ रुग्णांवर रीतसर परीक्षा होऊन, स्वस्त कापड वर्षभराच्या अनुभवात महागड्या जाळीहून उणे ठरत नाही, हा निष्कर्ष २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अदिस अबाबाच्या फिस्चुला रुग्णालयात तर, अडलेल्या बाळंतपणाने जखमी होऊन रोगी म्हणून आलेली आणि कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी न चढलेली मामितू गाशे ही स्त्री हॅम्लिन दांपत्याच्या हाताखाली इतकी निष्णात झाली, की परदेशचे पदवीधर सर्जन तिच्याकडून टाका घालावयास शिकून गेले. ज्यांना शिकविणारे यजमान भेटतात, त्यांनी शिष्याच्या आसनावर बसावे, यात अपमान कसला?

तेव्हा हा शिरस्ता बंद करावा, असे माझे म्हणणे नाही. अशा प्रशिक्षणासाठी नीतिनियमांचा मसुदा २०१० सालीच तज्ज्ञांच्या एका गटाने प्रसिद्ध केला आहे. त्यात यजमानांच्या गरजेला अग्रक्रम, खर्चाची भरपाई, परस्परता हे सारे आहे. उणीव आहे ती अंमलाची, कारण नियम मोडल्याने कोणाचेही काही अडत नाही. म्हणून माझी सूचना एकच, आणि ती जमाखर्चाच्या भाषेत आहे. परदेशातील महिना प्रशिक्षणात जमा धरण्यापूर्वी परीक्षामंडळाने यजमान विभागप्रमुखाच्या सहीचा दाखला मागवावा. त्या महिन्यात स्थानिक उमेदवारांनी मुख्य शस्त्रकर्ता म्हणून किती ऑपरेशने केली आणि त्याआधीच्या महिन्यांत ती सरासरी किती होती, हे दोन आकडे त्यात असावेत. दुसऱ्यापेक्षा पहिला उणा असेल, तर पाहुण्याचा महिना बाद धरावा. म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, सहायकाच्या जागी उभे राहण्यात पाहुण्याचाही स्वार्थ निर्माण होईल; आणि स्वार्थ ज्या दिशेने चालतो त्या दिशेने नियम अधिक काळ टिकतात, हा मानवी व्यवहाराचा जुना अनुभव आहे.

अशा अटीने पाहुणे घटतील, अशी तक्रार होईल. घटतीलही, परंतु जे घटतील ते बहुधा लॉगबुकासाठीच येणारे असतील. इंडियाना विद्यापीठाने १९८९ मध्ये केनियातील एल्डोरेटच्या मोई विद्यापीठाशी जोडलेला संबंध दशकानुदशके टिकला आणि त्यात केनियाचे विद्यार्थीही इंडियानाला जात राहिले, यावरून असे दिसते की जे विभाग एकाच गावाशी वर्षानुवर्षे बांधील राहतात, त्यांना असा दाखला देण्याचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्यांना ते वाटेल, त्यांच्या मदतीवाचून मलावीचे फारसे अडणार नाही.

— साक्षेपी