‘बायकांचा पिक्चर’ म्हणजे काय हो?



३० जून २०२३ ला केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. खंडाळ्याहून आम्ही नऊजणी साताऱ्याला दुपारच्या शोला गेलो, कारण सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवायचं होतं. घरी ऐकलं काय? “बायकांचा पिक्चर!”

खंबाटकी घाटापलीकडे वाईत ज्याचं शूटिंग झालं, त्या ‘दबंग’मध्ये एवढी मारामारी, त्याला कुणी पुरुषांचा पिक्चर म्हणालं का? तो सगळ्यांचा, आणि आपलं दुखणं तेवढं बायकांचं?

निर्मात्यांनाही सांगते. चार बायका गोळा करून फुगडी घातली की आम्ही येणार, असं समजू नका. दुरावलेल्या बहिणी पुन्हा बोलू लागल्या, म्हणून आम्ही रडलो. एकमेकींना क्षमा करणं किती अवघड, हे आपल्याला पर्युषणात दरवर्षी कळतं.

आणि सख्यांनो, चांगला मराठी पिक्चर पहिल्याच आठवड्यात बघा. गर्दी नसली की शो काढून टाकतात. मग “बघायचा राहिला” म्हणून हळहळू नका.